गाळा वेगळा, वही वेगळी : संगणकातील कंटेनरची ओळख

(बी. कॉम., तृतीय वर्ष)

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने संगणकावर लेख लिहायला घ्यावा याचे आमच्या वर्गमित्रांना हसू आले. "कंटेनर म्हणजे न्हावाशेवा बंदरात रचून ठेवलेले असतात तेच ना?" असे एकाने विचारले. त्याचे फारसे चुकले नव्हते. नाव तेथूनच आले आहे. पण मी ज्या कंटेनरविषयी लिहिणार आहे ते संगणकाच्या पोटात असतात. त्यांची ओळख मला पुस्तकातून झाली नाही. ती झाली ग्वाल्हेरच्या दालबाजारात, मामांच्या दुकानात, मी स्वतः करून ठेवलेल्या घोटाळ्यातून. तो घोटाळा आधी सांगतो, म्हणजे विषय समजायला सोपा जाईल.

गेल्या जानेवारीत सत्रांत सुट्टीसाठी मी आजोळी ग्वाल्हेरला गेलो होतो. बेळगावला गोवा एक्सप्रेसमध्ये बसले की गाडी न बदलता थेट ग्वाल्हेरला उतरता येते. आजोळ तेथील लष्कर भागात आहे. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांच्या सैन्याचा तळ तेथे पडला, तळाचे पुढे शहर झाले आणि नाव मात्र लष्करच राहिले. मामांच्या घरात मराठी आणि दुकानात हिंदी. बेळगावात आमची घरात मराठी आणि गल्लीत कन्नड अशी तऱ्हा असल्यामुळे मला त्यात परके असे काही वाटत नाही.

मामांचा किराणा मालाचा घाऊक व्यापार आहे. दुकानातील एकुलत्या एका लॅपटॉपवर बिले करण्याचा एक जुना प्रोग्राम चालतो. तो कोणा ओळखीच्या माणसाने फार वर्षांपूर्वी करून दिला होता. तो पायथन या भाषेच्या एका जुन्या आवृत्तीवर चालतो आणि हिशेब एका डेटाबेसमध्ये ठेवतो. मी मोठ्या उत्साहाने मामांना सांगितले, "मामा, आता मुंबईत तयार झालेली ईआरपीनेक्स्ट नावाची हिशेबप्रणाली फुकट मिळते. रोजकीर्द, खतावणी, साठा, येणे-देणे सगळे एका जागी. मी बसवून देतो." मामा म्हणाले, "बसव बाबा. पण माझं चालू आहे ते मोडू नकोस."

मी नेमके तेच केले. नव्या प्रणालीला काय काय लागते ते वाचून एकेक वस्तू त्याच लॅपटॉपवर बसवू लागलो. नवे पायथन बसवले. तेव्हापासून लॅपटॉप 'पायथन' म्हटले की नव्यालाच हाक मारू लागला. नवा डेटाबेस बसवला, तर तो म्हणे ३३०६ क्रमांकाचे पोर्ट आधीच कोणीतरी घेतले आहे. पोर्ट म्हणजे संगणकातील जणू खिडकी; एका क्रमांकाच्या खिडकीवर एका वेळी एकच कारकून बसू शकतो. मी जुन्या कारकुनाला उठवले आणि नव्याला बसवले. एवढे करून ईआरपीनेक्स्ट चालली नाहीच. ती लिनक्स या कार्यप्रणालीसाठी केलेली आहे आणि मामांचा लॅपटॉप विंडोजवर चालतो, हे ज्ञान मला नंतर झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हणजे ९ जानेवारीला, जुना प्रोग्राम उघडेना. जीएसटीचे जीएसटीआर-१ हे विवरणपत्र दरमहा भरणाऱ्यांना पुढच्या महिन्याच्या ११ तारखेच्या आत द्यावे लागते, हे वाणिज्याच्या विद्यार्थ्याला सांगायला नकोच. डिसेंबरची सगळी बिले त्या बंद प्रोग्राममध्ये. मुनीमजी काही बोलले नाहीत. त्यांनी कपाटातून जुने बिलबुक काढले आणि हाताने बिले लिहायला सुरुवात केली. मामाही रागावले नाहीत, आणि तेच मला अधिक लागले.

माझी मामेबहीण संगणक अभियांत्रिकी शिकते. तिने दीड दिवस बसून जुने पायथन आणि जुना डेटाबेस पुन्हा जागेवर आणले. हिशेबाचा एकही आकडा गेला नव्हता आणि विवरणपत्रही वेळेत गेले. नंतर ती मला म्हणाली, "चल, तुला मेळा दाखवते. तिथेच सांगते तुझं काय चुकलं ते."

ग्वाल्हेरचा व्यापार मेळा १९०५ साली माधवराव शिंदे यांच्या काळात सुरू झाला. थंडीच्या दिवसांत दुकानांच्या रांगाच रांगा लागतात. ताईने मला एका रांगेसमोर उभे केले. एका गाळ्यात लोकरीचे कपडे, शेजारी चिनी मातीच्या बरण्या, त्याच्या शेजारी तळण. प्रत्येकाचा गल्ला वेगळा, माल वेगळा, पाटी वेगळी. कपडेवाल्याला तळणवाल्याच्या कढईशी देणेघेणे नाही. पण जमीन एकच, विजेची मुख्य वाहिनी एकच, फाटक एकच. "कंटेनर म्हणजे हा गाळा," ताई म्हणाली. "तू काय केलंस, तर कपडेवाल्याच्याच गाळ्यात तळणाची भट्टी पेटवलीस."

मित्रहो, या एका दृष्टांतात विषयाचा पुष्कळसा भाग येऊन जातो. एका संगणकावर दोन प्रोग्राम पूर्णपणे वेगळे ठेवण्याचा जुना मार्ग म्हणजे आभासी यंत्र, अर्थात व्हर्च्युअल मशीन. त्यात प्रत्येक प्रोग्रामला जणू पायापासून स्वतंत्र इमारत बांधून देतात. म्हणजे संपूर्ण कार्यप्रणाली दुसऱ्यांदा बसवतात. ते भक्कम असते, पण जड आणि सावकाश. कंटेनरमध्ये पाया, म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, तो सर्वांचा एकच असतो. फक्त मध्ये आडोसे घातलेले असतात. म्हणून आभासी यंत्र सुरू व्हायला मिनिटभर लागत असेल तेथे कंटेनर क्षणात उभा राहतो.

आडोसे दोन प्रकारचे. पहिला 'नेमस्पेस' या सोयीचा. तिच्यामुळे कंटेनरमधील प्रोग्रामला फक्त स्वतःच्या फाइली, स्वतःच्या खिडक्या आणि स्वतःचीच कामे दिसतात. शेजारी कोणी आहे याचा त्याला पत्ता नसतो. दुसरा 'सीग्रुप'चा. त्याला गाळ्यागाळ्यावरचा विजेचा मीटर म्हणावे. कोणी किती स्मृती आणि किती प्रक्रियाशक्ती वापरायची याचा हिशेब आणि मर्यादा तो ठेवतो. सीग्रुपचे काम गुगलच्या अभियंत्यांनी २००६ मध्ये सुरू केले आणि २००८ मध्ये ते लिनक्सच्या कर्नलमध्ये आले. कल्पना मात्र त्याहून जुनी आहे. युनिक्समध्ये १९७९ च्या सुमारास 'सीएचरूट' ही आज्ञा आली होती. तिच्यामुळे एखाद्या प्रोग्रामला ठरावीक फोल्डरच्या बाहेरचे दिसत नसे. फ्रीबीएसडी या प्रणालीने २००० साली तिच्याच पुढचे पाऊल म्हणून 'जेल', म्हणजे तुरुंग, आणला. नाव जरा भयंकर आहे, पण कल्पना तीच.

हे सगळे तज्ज्ञांपुरते होते. ते सामान्य प्रोग्रामरच्या हाती दिले डॉकरने. मार्च २०१३ मध्ये सॉलोमन हाइक्स यांनी अमेरिकेत पायथनवाल्यांच्या एका परिषदेत अवघ्या काही मिनिटांत त्याचे प्रात्यक्षिक दाखवले, आणि त्याच महिन्यात तो सर्वांसाठी खुला झाला. डॉकरच्या चिन्हात एक देवमासा पाठीवर मालाचे कंटेनर घेऊन चालला आहे. येथे आपल्या वर्गमित्राचे न्हावाशेवा येते. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन या व्यापाऱ्याचे 'आयडियल एक्स' हे जहाज नेवार्कहून ह्यूस्टनकडे ५८ कंटेनर घेऊन निघाले. पेटीत कापूस आहे की यंत्राचे सुटे भाग, हे क्रेनला माहीत असण्याची गरज नाही. पेटीचे माप ठरलेले असले म्हणजे झाले. ग्वाल्हेरजवळच मालनपूरला असाच कंटेनर डेपो आहे. समुद्र शेकडो कोस दूर, पण पेटी तेथे भरून मोहोरबंद झाली की रेल्वेने बंदरात आणि तेथून जहाजात तशीच चढते. डॉकरनेही प्रोग्रामच्या पेटीचे माप ठरवले, एवढेच. २०१५ मध्ये अनेक कंपन्यांनी मिळून त्या मापाचे सर्वमान्य प्रमाण करण्यासाठी संस्था स्थापली. त्यामुळे आज डॉकरशिवाय अन्य साधनांनीही तीच पेटी उघडता येते.

मला मात्र मालाच्या पेटीपेक्षा आपल्या अभ्यासक्रमातली एक गोष्ट अधिक जवळची वाटली. पहिल्या वर्षी आपण स्वतंत्र अस्तित्वाची संकल्पना शिकतो. धंदा वेगळा आणि मालक वेगळा. मालकाने घरखर्चाला पैसे काढले तर ती उचल म्हणून वेगळी लिहायची. दोघे एकाच घरात राहत असले तरी वह्या एकत्र करायच्या नाहीत. एका लॅपटॉपवरील दोन प्रोग्रामना हाच नियम लावला की कंटेनर होतो. हा लेख वाचून माझा कन्नड माध्यमातला मित्र म्हणाला, "मने बेरे, मळिगे बेरे." घर वेगळे, दुकान वेगळे. मला दोन परिच्छेद लागले ते त्याने चार शब्दांत सांगितले.

आता प्रत्यक्ष मांडणीकडे वळू. संगणकाला द्यायच्या आज्ञा रोमन लिपीत टंकित करायच्या असतात. येथे मी त्या उच्चाराप्रमाणे देतो.

विंडोजवर डॉकर बसवताना आधी डब्ल्यूएसएल ही विंडोजमधील लिनक्सची सोय चालू करावी लागते, कारण हे गाळे लिनक्सच्या जमिनीवरच उभे राहतात. विंडोज त्यासाठी आपल्या अंगणात एक छोटे लिनक्स चालवते. ते सामान्यतः लॅपटॉपची निम्मी स्मृती वापरू शकते. मामांच्या ८ जीबीच्या यंत्रात ते ४ पर्यंत जाणार, म्हणून ताईने एका छोट्या फाइलीत मर्यादा लिहून ठेवली. डॉकर डेस्कटॉप हा प्रोग्राम विद्यार्थ्यांना आणि छोट्या धंद्यांना विनामूल्य आहे. मोठ्या कंपन्यांना पैसे पडतात.

त्यानंतर तीन शब्द नीट समजून घ्यावेत. 'इमेज' म्हणजे गाळ्याचा साचा : आत कोणती लिनक्स, कोणते पायथन, कोणता प्रोग्राम, सर्व गोठवून ठेवलेले. 'कंटेनर' म्हणजे त्या साच्यावरून उभा केलेला चालता गाळा. एका साच्यावरून हवे तितके उभे करता येतात. आणि 'व्हॉल्यूम' म्हणजे गाळ्याबाहेरची तिजोरी, जिच्यात गाळा मोडला तरी टिकायला हवे ते ठेवायचे. पहिले दोन शब्द मला लगेच समजले. तिसरा समजायला मुनीमजींचे आठ दिवस खर्ची पडले. ते पुढे सांगतो.

ईआरपीनेक्स्ट ही रुषभ मेहता यांनी मुंबईत सुरू केलेल्या फ्रापे या कंपनीची प्रणाली. तिची मूळ संहिता खुली आहे. ती एका कंटेनरमध्ये मावत नाही. वेबपाने दाखवणारा एक, मुख्य काम करणारा एक, मारियाडीबी हा डेटाबेस एक, रेडिस हा तात्पुरत्या नोंदींचा साठा, रांगेतली कामे उपसणारे, वेळापत्रक सांभाळणारा, असे आठ-दहा गाळे एकत्र चालतात. कोणाला काय लागते आणि कोण कोणाशी बोलतो हे सगळे एका मजकुराच्या फाइलीत लिहिलेले असते. तिला कंपोज फाइल म्हणतात. फ्रापेनेच चाचणीसाठी अशी तयार फाइल दिली आहे. ती उतरवून घेऊन 'डॉकर कंपोज अप' ही आज्ञा दिली की साचे इंटरनेटवरून येतात, गाळे उभे राहतात, आणि काही मिनिटांनी ब्राउझरमध्ये 'लोकलहोस्ट' नावापुढे ८०८० हे पोर्ट लिहिले की प्रवेशाचे पान दिसते. वापरकर्त्याचे नाव 'ॲडमिनिस्ट्रेटर' आणि परवलीचा शब्द 'ॲडमिन'. इतका उघड परवलीचा शब्द चाचणीपुरताच ठीक. खऱ्या धंद्यासाठी ही फाइल जशीच्या तशी वापरू नये.

माझ्या पहिल्या घोटाळ्याचे उत्तर या फाइलीत मला सापडले. तिच्यात डेटाबेसची खिडकी बाहेर उघडलेलीच नाही. आतले गाळे त्याला 'डीबी' या नावाने हाक मारतात आणि आपापसांत बोलतात. त्यामुळे नवा डेटाबेस आत आपल्या ३३०६ वर बसतो, मामांचा जुना बाहेर आपल्या ३३०६ वर बसतो, आणि दोघांची गाठच पडत नाही. बाहेर उघडते ते फक्त ८०८०. तेही कोणी आधी घेतलेले असेल तर फाइलीत '८०८०:८०८०' असे लिहिले आहे तेथे '८०८१:८०८०' करायचे. डावीकडचा आकडा बाहेरच्या जगाचा, उजवीकडचा आतला. उजवीकडच्याला हात लावायचा नाही.

मुनीमजींना नवी प्रणाली आवडली. दुकान बंद झाल्यावर रोज संध्याकाळी ते तासभर बसून दिवसाची बिले तिच्यात सरावासाठी चढवू लागले. साठ वर्षांपुढचे गृहस्थ, चष्मा कपाळावर, एका बोटाने टंकन. आठ दिवस असे गेले. मला दरम्यान वाटले की मांडणी एकदा स्वच्छ करून नव्याने लावावी. गाळे उतरवण्याची आज्ञा 'डॉकर कंपोज डाउन'. तिच्यापुढे 'वजा व्ही' जोडले की सगळे साफ होते असे मी कोठेतरी वाचले होते, म्हणून जोडले. ते 'व्ही' व्हॉल्यूमचे होते. नुसत्या 'डाउन'ने गाळे मोडतात पण तिजोऱ्या राहतात. 'वजा व्ही'ने तिजोऱ्याही जातात. 'खरेच पुसू का?' असे डॉकरने विचारलेदेखील नाही.

संध्याकाळी मुनीमजी येऊन बसले. पडदा कोरा. मी काय झाले ते सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "बही कहाँ रखी थी, भैया?" या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. मी प्रोग्राम वेगळे करण्याच्या नादात होतो. वही कोठे आहे हे मी पाहिलेच नव्हते. सुदैवाने हातची बिले आणि जुना प्रोग्राम होता म्हणून व्यापाराचे नुकसान झाले नाही. पण त्यांच्या आठ संध्याकाळी गेल्या त्या गेल्याच.

दुसऱ्या दिवशी ताईने आणि मी राखीव प्रतीची व्यवस्था लावली, आणि तीत आणखी एक खाच निघाली. ईआरपीनेक्स्टला राखीव प्रत घेण्याची स्वतःची आज्ञा आहे : 'बेंच' हा शब्द, साइटचे नाव आणि 'बॅकअप'. ती मुख्य गाळ्यात शिरून द्यावी लागते, आणि तिने केलेली प्रत त्याच साइटच्या फोल्डरात, म्हणजे त्याच तिजोरीत पडते! तिजोरीची नक्कल तिजोरीतच ठेवण्यासारखे हे झाले. म्हणून 'डॉकर कंपोज सीपी' या आज्ञेने ती बाहेर काढून पेनड्राइव्हवर घ्यायची. आणि वाचकांपैकी कोणी हे करून पाहणार असेल तर एकदा प्रत परत चढवून आकडे येतात का तेही पाहावे. आम्ही पाहिले तेव्हाच मुनीमजी पुन्हा बिले चढवायला बसले.

सुट्टी संपवून बेळगावला परतल्यावर मी तीच फाइल आणि तीच राखीव प्रत माझ्या लॅपटॉपवर चढवली, आणि दालबाजारातले दुकान जसेच्या तसे टिळकवाडीत उघडले. प्रोग्राम लिहिणाऱ्यांना कंटेनर हवासा वाटतो तो याचसाठी. "माझ्याकडे चालते, तुझ्याकडे का नाही?" हा वाद मिटतो. एक पथ्य मात्र पाळावे : साच्याच्या नावापुढे 'लेटेस्ट' न लिहिता नेमका आवृत्तिक्रमांक लिहावा. 'लेटेस्ट'चा अर्थ दर महिन्याला बदलू शकतो, आणि मग एकाच फाइलीतून दोघांकडे दोन वेगळे गाळे उभे राहतात.

माझ्या कन्नड मित्राबरोबर मी मराठी आणि कन्नड अशी दुभाषी पावती करून पाहिली. पडद्यावर सुंदर दिसली. पीडीएफ काढली तर अक्षरांच्या जागी चौकोन. आमच्या लॅपटॉपमध्ये दोन्ही लिप्यांचे फॉन्ट असूनही असे का, याचा आम्ही बराच वेळ विचार करीत बसलो. कारण साधे होते. पीडीएफ आतल्या गाळ्यात तयार होते, आणि घरच्या कपाटातली वस्तू गाळ्याला दिसत नाही. आडोशाचा अर्थच तो. साचा हलका ठेवायचा म्हणून त्यात गरजेपुरतेच सामान भरलेले असते. मित्र चालत्या गाळ्यात शिरून फॉन्ट बसवून आला. पावती छापली गेली. दुसऱ्या दिवशी गाळे उतरवून पुन्हा उभे केले तर पुन्हा चौकोन, कारण बदल त्या गाळ्यात होता, साच्यात नव्हता. बरोबर मार्ग असा की 'डॉकरफाइल' नावाची कृतीची चिठ्ठी लिहायची. पहिल्या ओळीत मूळ साचा, पुढच्या ओळीत नोटो फॉन्टचा संच बसवण्याची आज्ञा, आणि 'डॉकर बिल्ड' करून स्वतःचा साचा तयार करायचा. जीएसटीसाठी 'इंडिया कंप्लायन्स' हे जोडॲप आहे, तेही याच रीतीने साच्यातच घालावे लागते.

कंटेनर म्हणजे अभेद्य किल्ला असे मात्र कोणी समजू नये. फेब्रुवारी २०१९ मध्ये 'रनसी' या डॉकरच्या पोटातल्या भागात असा दोष उघडकीस आला की आतला दुष्ट प्रोग्राम बाहेर येऊन सबंध यंत्राचा ताबा घेऊ शकत होता. तो दुरुस्त झाला. पण जमीन एक असल्याचा धोका हा असा असतो, आणि मेळ्यात एका गाळ्याला आग लागली तर रांगेतले सगळेच धावतात. अनोळखी माणसाने केलेला साचा आपल्या हिशेबाच्या यंत्रावर उभा करू नये, हे ताईने मला दोनदा बजावले आहे.

मार्चअखेरपर्यंत दोन्ही पद्धतींनी हिशेब समांतर चालवायचे आणि तेरीज जुळते का पाहायचे असे मामांशी ठरले होते. तेरीज जुळली. फोनवर मी मामांना विचारले, "मग मामा, आता जुना प्रोग्राम काढायचा का?" ते म्हणाले, "राहू दे रे. तुझा तो गाळ्यात आहे ना, मग जुन्याची अडचण कुठं होते?" जुना अजून तसाच चालू आहे. मुनीमजी दर शनिवारी ताईला हाक मारून पेनड्राइव्ह मागून घेतात आणि प्रत काढून झाली की तो कापडी पिशवीत गुंडाळून, जुन्या बिलबुकांच्या कपाटात कुलूपबंद करतात.